बिनफवारणीचा पट्टा

॥ श्री ॥

अक्कोळ, ता. निपाणी
२१ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव रवळूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इथं सगळी बरी हायेत. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या माणसानं विचारलं, मावशी, कोर्टाचं काय हाय काय. भावाला लिहायचंय म्हटल्यावर तो हसायला लागला. त्याला काय ठाऊक, अंबुबाईनं भावाशी अबोला धरलाय ते.

व्हय, धरलाय, आणि गहू खळ्यावर येईपर्यंत सोडणार न्हाय. फोन करू नकोस, उचलणार न्हाय. पण मी बोलणार न्हाय म्हटलंय, लिहिणार न्हाय असं काय म्हटलं न्हाय. मनातलं कुठंतरी ओतायला पाहिजे, न्हायतर माझं पोट फुगतं.

मी तुला पाटावर बसवलं, ओवाळलं, अक्षता टाकल्या आणि तू ताटात काय ठेवलंस? पिकावरचा मावा मारायच्या औषधाची बाटली! वर हसून सांगतोस की आक्का, साडीपेक्षा हीच उपयोगी पडंल. शेजारची अक्काताई तिथंच बसलेली. आता साऱ्या गल्लीत झालंय, अंबुबाईला भावानं भाऊबीजेला विष घातलं म्हणून. मागं एका वर्षी तू नुसता पेढा ठेवलावतास, तवा मी हूं की चूं केलं न्हाय. पण ओवाळणीच्या ताटात विषाची बाटली? तुझ्या अकलेला काय वाळवी लागली काय रं?

आता कामाचं. एक एकर गहू पेरलाय. सगळा लोकवन, आणि मधोमध चार गुंठ्यांचा पट्टा माझ्या खपलीचा. आठ वर्षांमागं आपल्या साऱ्या खपलीवर मावा पडलावता, पानापानाला रस शोषणारे बारके किडे. पानं चिकट होऊन काळी पडली, बोट लावलं की बोट चिकटायचं. तसल्यात बांधाकडंला तीन ठोंब तेवढे स्वच्छ उभे होते. त्यांच्या ओंब्या मी वेगळ्या काढल्या. दुसऱ्या वर्षी मूठभर पेरल्या, ज्या झाडावर मावा चढला ते उपटलं, उरलेलं ठेवलं. असं आठ वर्षं. गहू आपल्या आपल्यातच दाणा धरतो, म्हणून वाण भेसळला न्हाय.

गहू संशोधन केंद्रातनं चिन्मयी मॅडम आलत्या. वयानं माझ्या सुनेएवढी पोरगी, पण बांधावर चप्पल काढून उतरली. ती म्हणाली की झाड स्वतःच्या अंगच्या गुणानं मावा थोपवतंय असं एक हंगाम दाखवा, मग हे बियाणं मी केंद्राच्या चाचणीला घेते. चाचणीत टिकलं तर ते सगळ्या शेतकऱ्यांना मिळंल. अट एकच. पट्ट्यावर आणि त्याच्या दोन्ही अंगाच्या चार-चार ओळींवर कसलंही औषध पडता कामा न्हाय. आठवड्यातनं दोनदा वीस झाडांवरचा मावा मोजून वहीत लिहायचा. बाकीच्या लोकवनावर एका फुटव्याला, म्हणजे ठोंबातल्या एका काडीला, दहाच्या वर मावा गेला तर औषध मारा, त्याच्या आत हात लावू नका. पाच फेब्रुवारीला ती बघायला येणार.

तवा सांगून ठेवते. तुझ्या दुकानातलं कुणीबी पंप पाठीला लावून माझ्या बांधावर दिसलं तर त्याचा पंप आणि तुझं नाव, दोन्ही ओढ्यात टाकीन. आमच्या बचत गटातल्या आठ बायका ह्या बियाण्याकडं डोळे लावून बसल्यात.

राग गहू निघेपर्यंत तसाच राहू दे, माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझी न बोलणारी आक्का,
अंबुबाई


॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

पिरनवाडी, बेळगाव
३० नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माधवीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पेढ्याच्या जागी आली तेव्हा इतकी हसली की चहा उतू गेला. हसू दे. घरात निदान एक माणूस खूश आहे.

बाटलीचं चुकलं, मान्य. पण विष म्हणू नकोस. गेल्या वर्षी तुझा निम्मा लोकवन चिकट्यानं गेला, दाणे जिऱ्यासारखे बारीक झाले, तेव्हा तू बांधावर डोकं धरून बसलीस ते मी बघितलंय. त्यावेळी मनात म्हटलं, पुढच्या वर्षी आक्काला असं बसू द्यायचं न्हाय. साडी नेसून मावा जात न्हाय म्हणून औषध आणलं. पद्धत चुकली, हेतू न्हाय.

आता मोठेपणाचा राग न धरता ऐक. तू आठ वर्षं ओंब्या निवडतीस, मी खासबागच्या दुकानात बावीस वर्षं मावा मारायचं औषध देतोय. झाड काय मावा थोपवणार गं? आठ वर्षांमागं तीन ठोंब वाचले ते नशिबानं. आमच्या दुकानाची पद्धत साधी आहे. तीन औषधं एकत्र, दर पंधरा दिवसांनी एक हात. मावा असो की नसो. भावकूला तेच दिलंय. आपल्या गावचा म्हणून तो निपाणी सोडून माझ्याकडं येतो, आणि त्याचं पीक रस्त्यावरनं बघितलंस तर आरशासारखं दिसतं.

अजून एक. मी मालकांना शब्द देऊन बसलोय की बहिणीच्या शेतात रस्त्याकडंला दुकानाची पाटी लावतो. मालक खूश झाले, सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आता तू माझं तोंड काळं करू नकोस. पट्ट्याला हात लावत न्हाय, पण पाटी तेवढी लावू दे.

थंडी पडायला लागलीया, सकाळी कानाला बांधून जा. बोलायचं नसलं तर बोलू नकोस, पण आशीर्वादाला अबोला लावू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
रवळू

ता. क. वन्सं, मी साडी घेऊन ठेवलीवती. हेच म्हणाले बाटली न्यायची. माझ्यावर राग नको. पट्टा सोडू नका. माधवी.


अक्कोळ
३० डिसेंबर २०२४

चिरंजीव रवळूस,
आशीर्वाद, आणि माधवीला दोन जास्त. वि. वि.

तुझी पाटी आली. दोन पोरं मोटारसायकलवरनं आली, विचारलं न्हाय पुसलं न्हाय, रस्त्याकडंला खड्डा काढून पाटी रोवून गेली. त्यावर लिहिलंय की या शेतात आमचीच औषधं वापरली जातात. माझ्या शेताच्या तोंडावर खोटं! मी ती उपटली. पत्रा चांगला जाड हाय, म्हशीच्या गव्हाणीला ठोकलाय. म्हस त्याला अंग घासती आणि समाधानानं डोळे मिटती. मालकाला सांग, पाटीचा उपयोग झाला.

आता खरी बातमी. नाताळाच्या आसपास तीन दिवस ढग धरले, ऊन न्हाय की वारं न्हाय, आणि मावा उतरला. पहिल्यांदा बांधाकडंच्या ओळींत, मग आत. काल मोजला. लोकवनावर एका फुटव्याला चौदा. माझ्या खपलीच्या पट्ट्यात तीन. रवळू, तीन! मी तीनदा मोजला, सुनेला मोजायला लावला, मग अक्काताईला बोलावलं. तिला चष्म्याशिवाय दिसत न्हाय, तरी तिनंबी तीनच म्हटलं. पान हाताला खरखरीत लागतं, त्यामुळं मावा बसत न्हाय का आणि कशामुळं, ते मॅडम बघंल. मला तीन दिसतायत तेवढं पुरे.

आणि ठिपक्यांचे लाल किडे आलेत, ढालकिडे. एक-एक किडा दिवसभर मावा खातोय. त्यांची पिल्लं काळी, काटेरी, मगरीसारखी दिसतात. सून ती चिरडायला लागलीवती, मी ओरडले म्हणून थांबली. भावकूच्या आरशात जाऊन बघ, एक ढालकिडा दिसला तर मला सांग. तीन औषधांनी मावा मेला आणि मावा खाणारंबी मेलं. आठ दिवसांनी मावा पुन्हा आला, खाणारं कोण न्हाय. आता तो डोक्याला हात लावून बसलाय.

लोकवनावर दहाच्या वर गेलाय, तवा काहीतरी मारायला पाहिजे, मॅडमचंबी तेच म्हणणं. पण तुझी बाटली मी उघडणार न्हाय. माझं मी बघते. ह्या निपाणीत राहून माव्याला बेळगावचं औषध कशाला पाहिजे?

सगळ्यांना विचारल्याचं सांग. माझ्या हट्टावर हसलास तरी चालंल, पट्ट्यावर मात्र हसू नकोस.

तुझी आक्का,
अंबुबाई


पिरनवाडी
७ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पाटीवरनं मालक पेटलेत. कन्नडमधनं सुरू करून मराठीत संपवलं, दोन्हीकडनं झोडपलं. म्हशीचं काही मी सांगितलं न्हाय, वाऱ्यानं पडली म्हटलं.

भावकू परवा दुकानात आला. काउंटरवर बाटल्या आपटून म्हणाला की तीनदा मारलं, मावा चौथ्यांदा आला. मालकांनी त्याला चौथी बाटली काढून दिली, पहिल्या तिन्हींत मिसळायला. तो घेऊनबी गेला. आक्का, खरं सांगतो, तो गेल्यावर मी खोकं उघडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा बाटलीसोबतचा कागद पूर्ण वाचला. त्यात कुठंच लिहिलेलं न्हाय की चार एकत्र करा. मावा नसताना मारा असंबी न्हाय. ही आमच्या दुकानाची पद्धत, बाटलीची न्हाय.

म्हणून आता भावाचं ऐक, दुकानदाराचं न्हाय. मावा कडेनं शिरतो, तेव्हा औषध नुसतं बांधाकडंच्या ओळींना मार, आणि एकच. म्हणजे मधले ढालकिडे वाचतील. पट्टा मधोमध आहे, त्याच्यापर्यंत काही जाणार न्हाय.

आणि माझं मी बघते म्हणजे काय गं? हे वाक्य तू म्हणालीस की मला भीती वाटती. मागं असंच म्हणून विहिरीत उतरलीवतीस, वर काढायला चार माणसं लागली. काय करणार आहेस ते आधी कळव.

तीळगूळ माधवी पाठवतीया. गोड बोल म्हणत न्हाय, निदान खरं काय ते लिही.

तुझा,
रवळू


अक्कोळ
१८ जानेवारी २०२५

चिरंजीव रवळूस,
आशीर्वाद. वि. वि.

बुधवारी तू धावत आलास. सुनेनं फोन केला, तू दुकान टाकून आलास, माझे पाय चेपलेस. अबोला मोडला तो मोडला. आणि दोन महिन्यांनी माझ्या तोंडातनं पहिला शब्द कुठला निघाला, तर पट्ट्यात पाय टाकू नकोस. त्यावर तू रडत रडत हसलास ते मी बघितलं.

तुला मी सांगितलं की पित्त खवळलं, चक्कर आली. ते खोटं. समोर बघून सांगायला जीभ वळली न्हाय, म्हणून लिहिते. तोंडानं खोटं बोलता येतं रवळू, हातानं लिहिताना हात अडतो.

मी तंबाखूचं पाणी मारलं. सोमवारी घरात पोत्यात पडलेला तंबाखूचा भुगा घेतला, मोठ्या पातेल्यात उकळला, साबण घातला, गाळला. आईबी वांग्यावर हेच मारायची. आपल्या निपाणीची वस्तू, घरची वस्तू, तुझ्या मालकाच्या बाटलीपेक्षा बरी असं मनात घेतलं. पंपात भरलं, हातात काही घातलं न्हाय, तोंडाला काही बांधलं न्हाय. नोझल गळत होता, सगळं पाठीवरनं कमरेवर उतरलं. अंगात काटा आला, घाम सुटला, मग उलट्या. बुधवारी सकाळीसुद्धा उठता येईना.

एवढं सोसलं असतं. पण पुढचं ऐक. मी पूर्वेकडच्या लोकवनाला मारत होते, पट्ट्यापासनं दहा-बारा ओळी लांब. आधी वारं नव्हतं. मारता मारता ते सुटलं, पंपातनं निघालेलं धुकं पट्ट्यावर गेलं, आणि माझ्या ध्यानात यायला उशीर झाला. तू गेल्यावर काठी टेकत शेतात गेले. पट्ट्याच्या मधल्या ओळीतल्या पानाला वास घेतला, तंबाखू. खाली मातीत ढालकिडे पडलेले. उताणे, पाय वर करून. मी मोजायला गेले आणि मोजता आलं न्हाय. ज्यांची पिल्लं चिरडली म्हणून सुनेला बोलले, ते सगळे मी एका संध्याकाळी मारले.

आठ वर्षं मी बाटलीला शिव्या दिल्या आणि विष चुलीवर उकळलं. मला माझाच राग आलाय, दुसऱ्या कुणाचा न्हाय. लोकवनावर मावा आता पंचवीसवर गेलाय, कारण खाणारं कोण उरलं न्हाय. पट्ट्यात पाच हायेत. पण ते पाच खपलीच्या गुणानं की तंबाखूच्या वासानं, हे आता देवालाबी सांगता येणार न्हाय.

काय करू ते लिही. ओरडायचं असलं तर पहिल्या पानावर ओरड, दुसऱ्यावर उपाय दे.

तुझी आक्का,
अंबुबाई


पिरनवाडी
२३ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पहिलं पान ओरडायचं म्हणालीस, तर ओरडतो. तंबाखूच्या पाण्यात निकोटीन असतं. ते कातडीतनं आत जातं, माणूस मरतो. घरचं आहे म्हणून ते दूध होत न्हाय! तुझं वय एकसष्ट, घरात एवढी मोठी सून, कुणाला विचारायला काय झालं होतं? तुझ्या हट्टापायी आम्ही तुला खांद्यावर न्यायची पाळी आली असती. पत्र वाचून माधवी देवासमोर जाऊन बसली. मी नुसताच दारात उभा राहिलो. 

आता दुसरं पान. सोबत माव्याच्या औषधाची पुडी पाठवतोय, थायामेथोक्झाम नावाची. दहा लिटर पाण्याला एक ग्रॅम, त्यापेक्षा चिमूटभरबी जास्त न्हाय. लोकवनाच्या फक्त बांधाकडंच्या ओळी. सकाळी, वारं पडलेलं असताना. तू मारायचं न्हाय. फवारणी करणाऱ्या भरमाला सांगितलंय, तो हातमोजे, मास्क आणि न गळणारा पंप घेऊन येईल. पट्टा आणि त्याच्या शेजारच्या चार-चार ओळींपासनं लांब राहायचं, हेबी त्याला बजावलंय.

इकडचं सांगतो. सोमवारी भावकू पुन्हा आला. मालक बाहेर गेलेले. मी त्याला बाटली दिली न्हाय. आधी वीस झाडांवरचा मावा मोज, आकडा आण, मग देतो म्हटलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मालकांना कळल्यावर त्यांनी विचारलं की तू दुकानात औषध विकायला आहेस की शाळा चालवायला. मी म्हटलं, मोजल्याशिवाय देणार न्हाय, काढायचं तर काढा. काढलं न्हाय अजून. बावीस वर्षांत मालकांना पहिल्यांदा उलट बोललो आणि मला लई बरं वाटलं.

शेवटचं, आणि हे नीट वाच. चिन्मयी मॅडमला तंबाखूचं सांगू नकोस. वास पाच तारखेपर्यंत उडून जाईल. वहीत पाचच्या जागी पाच लिहिलेलेच आहेत, ते काही खोटे न्हायत. ढालकिडे नसतानाही पट्ट्यात पाचच राहिले, म्हणजे वाण खराच आहे की. सांगितलंस तर हे वर्ष बाद. तुझी आठ वर्षं, गटातल्या बायकांची आशा, सगळं एका संध्याकाळच्या वाऱ्यासाठी का घालवतीस? मी हे भाऊ म्हणून सांगतोय.

गप्प राहण्यात तू पटाईत आहेस, दोन महिने दाखवलंस. आता एक दिवस माझ्यासाठी गप्प राहा.

तुझा,
रवळू


अक्कोळ
२८ जानेवारी २०२५

चिरंजीव रवळूस,
आशीर्वाद. वि. वि.

भरमा येऊन गेला. काम नीट केलं, हातमोजे घातले, कडेच्या ओळी सोडून आत पाऊल टाकलं न्हाय. तीन दिवसांत कडेचा मावा चार-पाचवर आला. तुझं औषध चाललं, हे मी कबूल करते. माझं भांडण औषधाशी नव्हतं, मोजल्याशिवाय मारण्याशी होतं. मीच न मोजता, न विचारता मारलं, तवा त्याची शिक्षा मला मिळायला पाहिजे.

तुझं शेवटचं सांगणं मात्र मी मानणार न्हाय. मालकाला तोंडावर उलट बोलून आलास आणि बहिणीला गप्प बसायला सांगतोस, ही कुठली रीत? उद्या हे बियाणं कुणीतरी विश्वासानं पेरलं, मावा थोपवतं म्हणून औषध मारलं न्हाय आणि त्याचं पीक चिकटून गेलं, तर? तो मला शोधत येणार न्हाय, पण मला झोप लागंल काय? पाच हा आकडा खरा हाय, पण तो कशानं पाच राहिला हे मला ठाऊक न्हाय. ठाऊक नसताना ठाऊक हाय म्हणणं म्हणजे तुझ्या त्या पाटीसारखंच झालं.

मी सांगणार. तू रागावलास तर रागाव, आता अबोला धरायची पाळी तुझी. मला चालंल.

आक्का


अक्कोळ
६ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव रवळूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

काल चिन्मयी मॅडम आली. गटातल्या आठी बायका सकाळपासनं बांधावर होत्या. बाळाबाईनं तर नवी साडी नेसलेली, बियाणं घ्यायला निघाल्यागत. मॅडमनं चप्पल काढली आणि पट्ट्यात बसून बसून मोजलं. माझ्या वीस झाडांवर तिचा भरोसा न्हाय, तिनं चाळीस मोजली. सरासरी सहा. शेजारच्या लोकवनाच्या ज्या ओळींना भरमानं हात लावला नव्हता, तिथं एकतीस. ती उठली तवा तोंडावर असं हसू होतं की मला वाटलं, आत्ता पोतं उघडायला सांगते.

तिनं वही काढली. तुझं पत्र माझ्या कमरेला पिशवीत होतं. एक घटका खरंच वाटलं रवळू, गप्प बसावं. आठ बायका बघतायत, पोरगी हसतीया, कुणाला वास येत न्हाय. तेवढ्यात मॅडमनं विचारलं की ह्या हंगामात पट्ट्यावर काही पडलं का. मी सांगितलं. तंबाखूचं पाणी, तेरा तारीख, सोमवारची संध्याकाळ, पूर्वेचं वारं, मेलेले ढालकिडे, सगळं. माझ्या उलट्यासुद्धा सांगितल्या.

बाळाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. अक्काताई, तीबी गटातलीच, माझा पदर ओढत होती, गप्प बस म्हणून. मॅडमनं वहीत आडवी रेघ मारली. ह्या वर्षीचा पट्टा धरता येणार न्हाय म्हणाली. मी मान हलवली आणि मला रडू आलं. दुःखानं न्हाय, रागानं. आठ वर्षं एका ओंबीसाठी वाकले आणि एका पातेल्यानं सगळं घालवलं.

मॅडम जाता जाता म्हणाली की बाई, लोक असलं लपवतात, म्हणून आमच्या वह्या फसतात. एका पट्ट्यावर भरवसा ठेवायची तिचीबी चूकच झाली म्हणाली, पुढच्या वर्षी एकाच्या जागी निरनिराळ्या मातीत आठ-दहा पट्टे पाहिजेत, एखाद्यावर काही पडलं तरी बाकीचे उरतात. पण एवढ्या बायका बिनऔषधाचा पट्टा पोटाशी धरून बसतील काय, असा तिला संशय.

संशय म्हटल्यावर बाळाबाई, जी कपाळाला हात लावून बसलेली, ताडकन उठली. तिनं दोन गुंठे देते म्हणून सांगितलं. अक्काताईनं ओढ्याकाठचे तीन दिले. एक-एक करत आठी बायका बोलल्या. भावकू रस्त्यावरनं ऐकत होता. तोबी आत आला आणि म्हणाला की माझाबी एक पट्टा लिहा, पण मोजायला आधी कुणीतरी शिकवा. मॅडमनं नवं पान काढलं. माझा धरून दहा नावं झाली.

अकरावं मी सांगितलं. पिरनवाडीला तुझ्या घरामागं दोन गुंठे रान रिकामं पडलंय, त्यात तू गवत वाढवतोस. तिथं माझी खपली पेरायची. औषध विकणाऱ्याच्या दारात बिनऔषधाचा गहू. पाटी लावायची हौस असली तर लाव, पण ह्या वेळी खरं लिही. आठवड्यातनं दोनदा वीस झाडं, सकाळी दुकानाला जायच्या आधी. मावा तीसवर गेला तरी हात लावायचा न्हाय, हात शिवशिवले तर माधवीला सांग, ती बांधून ठेवंल.

तुला विचारलं न्हाय, नाव देऊन टाकलं. मॅडमनं लिहूनबी घेतलं. न्हाय म्हणायचं असलं तर पत्रात लिहू नकोस. इथं ये, दहा जणांच्या समोर बांधावर उभा राहा आणि माझ्या तोंडावर म्हण. बघू तुझी छाती होते काय.

तुझी आक्का,
अंबुबाई